आई-बाबांसोबत ऱ्हाईनकाठचे किल्ले आणि द्राक्षमळे: कुठले घ्यावेत, कुठले सोडावेत?

शलाका

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आई-बाबा माझ्याकडे जर्मनीत डार्मश्टाटला येताहेत. बाबा ७४, आई ७०. तरुणपणी बाबांनी राजगड-तोरणा किती वेळा केले याची मोजदाद नाही. गुडघा बदलल्यापासून चढाई बंद आहे, पण काठी घेऊन तासभर सावकाश चालतात. परवा फोनवर मी राजवाड्यांची यादी वाचायला लागले, तर मध्येच थांबवून म्हणाले, "शलू, झुंबरं नकोत गं. तिकडचा लढलेला किल्ला दाखव."

मला जवळ पडतं ते ऱ्हाईनचं खोरं. बिंगेनपासून कोब्लेन्झपर्यंत ६५ किलोमीटर, त्यात चाळीसेक किल्ले आणि दोन्ही काठांना द्राक्षमळे. २००२ पासून हा पट्टा जागतिक वारसा यादीत आहे. नकाशा उघडला की कुठून सुरुवात करावी तेच कळत नाही. चार दिवस हाताशी आहेत, गाडी नाही. आई शाकाहारी, वाइन घेत नाही. पण तिचं माहेर निफाडचं, घरची द्राक्षबाग होती. त्यामुळे मळे बघायची ओढ बाबांपेक्षा तिलाच जास्त.

जाऊन आलेल्यांनी मोकळेपणाने सांगा.

वाटाड्या

शलाकाताई, बारा वर्षं माइन्झला आहे आणि या खोऱ्यात दर मोसमात दोन-तीनदा तरी जातो, म्हणून जरा लांबण लावतो.

चाळीसपैकी तीनच घ्या. दिवसाला चार-चार किल्ले करणारी मंडळी मी पाहिली आहेत. संध्याकाळी त्यांना कुठला बुरुज कुठल्या किल्ल्याचा हेही आठवत नाही.

आधी एक गोष्ट बाबांना सांगून ठेवा, म्हणजे त्यांची निराशा होणार नाही. आपल्याकडे गड म्हटला की वाट, घाट, मुलूख राखणं डोळ्यांपुढे येतं. इथले बरेचसे किल्ले जकातीसाठी उभे राहिले. रस्ते वाईट होते, माल नदीने जायचा, आणि त्या मालात मोठा वाटा वाइनचा असायचा. ज्याच्या हातात काठावरचा कडा, त्याने खाली नावा अडवायच्या आणि पैसे घ्यायचे. म्हणून किल्ला, खालचं गाव, गावामागचा मळा आणि समोरची नदी हे चारही एकत्र पाहायचे. नुसता किल्ला पाहिला तर तो इथेच का आहे हे कळत नाही.

आता 'लढलेला' म्हणाल, तर सेंट गोआरचा राइनफेल्स. काट्झेनएलनबोगेनच्या काउंटने तो १२४५ मध्ये बांधला आणि जकात इतकी वाढवली की ऱ्हाईनकाठच्या शहरांनी एकजूट करून १२५५ मध्ये त्याला वेढा घातला. वेढा वर्षाहून जास्त चालला, किल्ला पडला नाही. पुढे १६९२ च्या हिवाळ्यात फ्रान्सच्या चौदाव्या लुईचं सुमारे २८००० चं सैन्य आलं. त्याच्या तीन वर्षं आधी फ्रेंचांनी या खोऱ्यातले किल्ले एकामागून एक उडवले होते, पण राइनफेल्सने त्यांना परत पाठवलं. हाच किल्ला १७९४ मध्ये मात्र एक गोळीही न झाडता फ्रेंच क्रांतिसेनेच्या हवाली झाला. त्यांनी पुढच्या दोन-तीन वर्षांत तो सुरुंग लावून फोडला. आज उरलाय तो मूळ किल्ल्याचा एक हिस्सा, तरी ऱ्हाईनवरचा सगळ्यांत मोठा पडका किल्ला तोच. तटाबाहेर जमिनीखाली सुरुंगांचे बोगदे आहेत. शत्रू वर आला की खालून दारू उडवायची, त्यासाठी खणलेले. बोगदे खुले आहेत का ते तिकीट काढतानाच विचारा. विजेरी लागते, आणि काही ठिकाणी वाकून, रांगत जावं लागतं. बाबांनी त्यात शिरू नये.

दुसरा ब्राउबाखचा मार्क्सबुर्ग. मध्य ऱ्हाईनवरच्या डोंगरी किल्ल्यांतला हा एकच कधीही उद्ध्वस्त झाला नाही. १९०० पासून जर्मन किल्ले-संवर्धन संघटनेकडे आहे, तिचं कार्यालयही तिथेच. आत फक्त मार्गदर्शकासोबत सोडतात, साधारण पाऊण-एक तास लागतो. मोसमात दुपारी इंग्रजीतून फेरी असते, वेळ आधी बघून जा. दरवाजे एकामागे एक, चढत्या वळणाचे. वाट कातळात खोदलेली, घोडेस्वारांसाठी केलेल्या रुंद, खडबडीत पायऱ्यांची. आपल्या गडाच्या महाद्वाराची सवय असलेल्या माणसाला इथे काही समजावून सांगावं लागत नाही. वर स्वयंपाकघर, पिंपांचं तळघर, प्रार्थनाघर, नदीवर रोखलेल्या तोफा, सगळं जागच्या जागी. मोठ्या दालनाच्या भिंतीतून बाहेर काढलेला शौचकूपही दाखवतात.

तिसरा काउबचा फाल्ट्सग्राफेनश्टाइन, सगळे नुसतं 'फाल्ट्स' म्हणतात. हा जलदुर्ग. नदीच्या मधोमध खडकाळ बेटावर, वरच्या प्रवाहाकडे नावेच्या नाळेसारखं टोक काढलेला. हिवाळ्यात वाहत येणारा बर्फ त्या टोकावर फुटावा म्हणून. १३२६-२७ मध्ये बव्हेरियाच्या लुडविगने आधी पाचकोनी मनोरा बांधला, सहा बाजूंचा तट नंतर घातला. हा कुणी जिंकला नाही की पाडला नाही. जकात वसूल करणं १८६६ पर्यंत चालू होतं.

मुक्काम बाखाराखला करा. पुढचं उद्या लिहितो.

मेघना_क

वाटाड्या, फार छान माहिती. वाचनखूण साठवली.

एक भर. जेवणाचं आधी ठरवून ठेवा. सप्टेंबर-ऑक्टोबरात सगळीकडे कांद्याचा केक आणि त्यासोबत आंबत असलेला ताजा रस, 'फेडरवायसर', मिळतो. कांद्याच्या केकमध्ये बहुतेक वेळा डुकराचं मांस बारीक चिरून घातलेलं असतं, तेव्हा शाकाहारी माणसाने विचारल्याशिवाय घेऊ नये. त्यापेक्षा 'श्पुंडेकेझ' मागा. मऊ चीजमध्ये कांदा-लसूण घालून फेटलेलं असतं, खारट ब्रेत्झेलसोबत खातात. माझ्या सासूबाईंना चक्का खाल्ल्यासारखं वाटलं. वाइन न घेणाऱ्यांना द्राक्षाचा रस मिळतो, आणि तो त्याच मळ्यातला असतो.

फेडरवायसर कुणी घरी न्यायला घेतलाच तर बाटली उभी धरा. रस अजून फसफसत असतो, म्हणून झाकण मुद्दाम सैल ठेवतात. माझी आडवी ठेवलेली पिशवी आगगाडीत गळली आणि सबंध डबा आंबूस वासाने भरला.

वाटाड्या

राहिलेलं.

बाखाराख डाव्या काठावर, माइन्झ-कोब्लेन्झ लोहमार्गावर आहे. कोब्लेन्झकडे जाताना उजव्या खिडकीशी बसा, नदी त्या बाजूला. गाव लहान, तटबंदी बऱ्यापैकी शाबूत, तिच्या एका भागावरून चालता येतं. वर श्टालेक किल्ला, आता युवा वसतिगृह. तोही १६८९ मध्ये फ्रेंचांनीच उडवला होता, विसाव्या शतकात पुन्हा उभा केला. डोंगरी किल्ला असून पाण्याने भरलेला खंदक, हे या भागात क्वचित दिसतं. चढ मात्र खडा आहे.

या गावाचं नाव वाइनच्या व्यापारात इतकं मोठं का झालं, ते बिंगेनच्या खडकांमुळे. बिंगेनपाशी पात्रात कातळाची ओळ होती, मोठ्या नावा वर जाऊ शकत नसत. वरच्या भागातली वाइन लहान नावांतून यायची आणि बाखाराखच्या धक्क्यावर मोठ्या जहाजांत चढायची. नदीच्या खालच्या अंगाच्या देशांत ती 'बाखाराखची' म्हणूनच विकली जाई, मग पिकलेली कुठलीही असो.

खोली घेताना नदीचं दृश्य बघू नका, रुळांपासून लांब आहे का ते बघा. दोन्ही काठांवर लोहमार्ग आहे आणि मालगाड्या रात्रभर धडधडतात. वयस्कर माणसांची झोप उडते.

आणि माइन्झ-वीसबाडेन सोडलं की कोब्लेन्झपर्यंत नदीवर एकही पूल नाही. काठ बदलायचा तर फेरीबोटीनेच. सेंट गोआरहून पलीकडच्या सेंट गोआर्सहाउझनला फेरीबोट सतत चालू असते, तिथून उजव्या काठाची गाडी पकडून ब्राउबाखला जा. बाखाराखहून काउबला बोटीने जा, एकच थांबा.

तटबंदी

माझा थोडा वेगळा सूर. श्टोल्झेनफेल्स आणि राइनश्टाइन हे किल्ले यादीतून का काढलेत? श्टोल्झेनफेल्सच्या बागा आणि भिंतींवरची चित्रं मला फार आवडली. आईंनाही आवडतील.

वाटाड्या

तटबंदी, सुंदर आहेत यात वाद नाही, आणि वेळ असेल त्याने जरूर बघावेत. पण बाबांनी लढलेला किल्ला मागितलाय. राइनश्टाइन १८२५ ते १८२९ मध्ये प्रशियाच्या राजपुत्राने अवशेषांवर पुन्हा बांधून घेतला. श्टोल्झेनफेल्सचं काम त्यानंतरच्या दशकात सुरू झालं आणि १८४२ मध्ये पुरं झालं. मध्ययुग कसं असावं असं एकोणिसाव्या शतकातल्या राजघराण्याला वाटत होतं, त्याचं ते रूप आहे.

मला स्वतःला राइनफेल्सचा पडका तट जास्त बोलतो. आपल्याकडेही गडांवर नवं बांधकाम किती करावं हा वाद आहेच. २०२५ मध्ये आपले ११ आणि तमिळनाडूतला जिंजी असे १२ किल्ले जागतिक वारशात आले, तेव्हापासून तर तो जास्त रंगतो. या खोऱ्यात दोन्ही उत्तरं शेजारी-शेजारी उभी आहेत. माझं मत पडझड थांबवावी, नवं चढवू नये, असं आहे.

तटबंदी

मान्य. पण १८२५ चा माणूस पुढे आला नसता तर राइनश्टाइनचा एक दगडही उरला नसता, हेही लक्षात ठेवायला हवं. पडके किल्ले लोक दगडांसाठी फोडून नेत होते. राइनफेल्सचे दगडही असेच गेले.

दिंडोरीकर

धागा वाचून राहवलं नाही. मी द्राक्षबागाईतदार, तालुका दिंडोरी. खायची थॉम्पसन आणि थोडी वाइनची शिराझ. परदेशातली बाग पाहण्याचा योग अजून आला नाही.

ताई, तुमच्या आईंना एक काम सांगायचं आहे. आपल्याकडे वेलीला झोप नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी करायची, काडी तयार करायची, ऑक्टोबरात गोडी छाटणी करून घड घ्यायचा. दोन छाटण्या केल्या नाहीत तर माल नाही. तिकडे बर्फ पडतो, वेल हिवाळाभर झोपते, छाटणी एकदाच, असं पुस्तकात वाचलंय. मग काडी एकच ठेवतात का? आणि काडीवर डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, किती ठेवतात? मांडव आहे की तार? भुरी आणि डाऊनी या बुरशीरोगांना काय फवारतात? आईंना हे विचारायला सांगा. बागाईतदार माणूस बागाईतदाराला खरं सांगतो.

वाटाड्या

दिंडोरीकर, मला दिसलेलं सांगतो, डोळ्यांचं उत्तर काकू आणतील.

मांडव नाही. सपाटीला तारा, आणि खड्या उतारावर काही ठिकाणी प्रत्येक वेलीला आपला स्वतंत्र खांब. जमीन म्हणजे पाटीच्या दगडाचे तुकडे, चालताना पायाखाली कुरकुर वाजतात. हा दगड दिवसभर ऊन पितो आणि रात्री ऊब देतो. माइन्झवरून ५० वं अक्षवृत्त जातं, इतक्या उत्तरेला द्राक्ष पिकतं ते अशा दगडामुळे, दक्षिणेकडे तोंड केलेल्या उतारामुळे आणि खालच्या नदीमुळे. मुख्य वाण रीसलिंग, उशिरा पिकणारा.

उतार इतका खडा की ट्रॅक्टर चालत नाही. टोपल्या, औजारं आणि माणूसही एका रुळावरच्या लहानशा गाडीतून वर जातात. मळे धरून ठेवतात ते चुन्याशिवाय रचलेले दगडी बांध, कोकणातल्या गडग्यासारखे. पण हे काम परवडत नाही म्हणून मळे सुटत चाललेत. मध्य ऱ्हाईनचं सगळं द्राक्षक्षेत्र आता ५०० हेक्टरच्या आत आलंय. बोटीतून जाताना झुडपांखाली गेलेले बांध दिसतात. किल्ल्याच्या डागडुजीला निधी मिळतो, बांध बांधणारा शेतकरी मात्र एकटा पडतो. मला पडक्या बुरुजापेक्षा हे जास्त टोचतं.

मेघना_क

शेतकऱ्याशी बोलायचं असेल तर हॉटेलात नको, 'श्ट्राउसविर्टशाफ्ट' शोधा. मळेवाला वर्षातून जास्तीत जास्त चार महिने आपल्या घरी, अंगणात, खळ्यात लोकांना बसवतो. फक्त घरची वाइन, खाणं साधं, बसायच्या जागा चाळीसच्या वर नाहीत, असा नियम आहे. दाराबाहेर हिरवा झुबका किंवा केरसुणी टांगलेली दिसली की उघडं आहे समजायचं. वाढायला घरचीच माणसं असतात.

रानवाटा

पाण्याकडे लक्ष असू द्या. २०१८ आणि २०२२ मध्ये काउबपाशी नदी फार उतरली होती, फाल्ट्सचं बेट भोवतीच्या गोट्यांसकट उघडं पडलं होतं. नदी फार चढली तरी बेटावरची बोट बंद होते. काउबच्या पाणीपातळीचा आकडा रोज जाहीर होतो, मालवाहू जहाजं किती माल भरायचा ते त्यावरूनच ठरवतात. आणि फाल्ट्समध्ये शौचालय नाही, काउबलाच उरकून जा.

शलाका

(तीन आठवड्यांनी)

मंडळी, जाऊन आलो. सगळ्यांचे मनापासून आभार. सविस्तर लिहिते, पुढच्या कुणाला तरी उपयोग होईल.

बाखाराखला तीन रात्री राहिलो. रुळांपासून लांबची खोली घेतली, तरीही पहिल्या रात्री दोन वाजता बाबा उठून बसले होते. दुसऱ्या रात्री सवय झाली.

पहिला दिवस राइनफेल्स. टॅक्सीने वर गेलो. बाबा बोगद्यांत गेले नाहीत, पण तटावर एका जागी अर्धा तास बसून होते. त्यांना जंग्यांचा, म्हणजे तटातल्या मारा करायच्या भोकांचा, कोन बघायचा होता, कुठून कुठवर मारा पोचतो ते. १६९२ चा वेढा मी वाचून दाखवला तर म्हणाले, "म्हणजे रामशेजच्या मागोमाग दहा वर्षांनी." १६८२ मध्ये मुघल नाशिकजवळच्या रामशेजला भिडले आणि गड त्यांना काही वर्षं दाद देत नव्हता. इकडे दहा वर्षांनी फ्रेंच राइनफेल्सला भिडले. हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. मग १७९४ चं सांगितलं, न लढता दिला ते. त्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. खाली उतरताना म्हणाले, "आत शिबंदी किती होती ते बघ बरं घरी गेल्यावर."

दुसरा दिवस मार्क्सबुर्ग. वाटाड्या, त्या कातळातल्या पायऱ्या! रुंद, तिरप्या, मधोमध झिजून गुळगुळीत झालेल्या. मी हात धरायला पुढे झाले तर बाबांनी काठी माझ्याकडे दिली, वाकून कातळावर तळवा टेकवला आणि तसेच, भिंतीला एक हात लावत, एकेक पायरी चढले. मागचे लोक थांबले, मार्गदर्शक बाईही थांबल्या. कुणी घाई केली नाही. वरच्या दरवाज्यापाशी पोचल्यावर बाबांनी आधी मागे वळून पाहिलं, वाट किती ठिकाणी माऱ्यात येते ते. आईला स्वयंपाकघर आवडलं. ती चुलाणं दोन्ही हातांनी मोजत होती. बालेकिल्ल्याचा मनोरा खाली जाड आणि वर बारीक आहे, त्याला जर्मनमध्ये लोणी घुसळायच्या भांड्याचं नाव आहे असं बाईंनी सांगितलं. आईने लगेच "डेऱ्यात रवी उभी केल्यासारखा" म्हटलं आणि मी ते भाषांतर करून सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी धुकं होतं. काउबच्या धक्क्यावरून फाल्ट्स आधी दिसलाच नाही. मग नुसतं काळं छप्पर तरंगताना दिसलं, मग पांढरा तट. आत वीज नाही, खोल्या थंड आणि अंधाऱ्या. जकात घेणारे हिवाळ्यात इथे कसे राहत असतील याचा विचार करत आई शाल गुंडाळून खिडकीशी उभी राहिली. १८१३ च्या शेवटच्या रात्री प्रशियाचा सेनापती ब्ल्यूखर याने नेपोलियनमागे जाताना आपलं सैन्य इथूनच पार नेलं, होड्यांचा पूल बांधून. काउबला त्याचा पुतळाही आहे.

आणि दिंडोरीकर, तुमचं काम झालं.

बाखाराखच्या वरच्या अंगाला एका घराबाहेर हिरवा झुबका दिसला म्हणून आत गेलो. मालकीणबाई साठीच्या असतील, हात द्राक्षाच्या चिकाने काळे पडलेले, रीसलिंगची तोडणी चालू होती. आईने रसाचा पेला घेतला आणि मला म्हणाली, विचार डोळे किती ठेवता. मला 'डोळे' शब्दाचं जर्मन पटकन सुचेना. आईने उठून अंगणातल्या वेलीची काडी धरली आणि नखाने एकेक डोळा दाखवत मराठीत मोजायला लागली. बाईंना क्षणात कळलं. त्यांच्या भाषेतही त्याला डोळाच म्हणतात! मग मला मध्ये बोलावंच लागलं नाही. छाटणी एकच, जानेवारी ते मार्चमध्ये. काडी एकच ठेवतात, वाकवून धनुष्यासारखी खांबाला बांधतात, तिच्यावर दहा-बारा डोळे. शेजारी दोन डोळ्यांची एक लहान काडी पुढच्या वर्षासाठी. भुरीला गंधक, डाऊनीचा त्रास पावसाळी वर्षात फार. आईने आपल्या दोन छाटण्यांचं सांगितलं तर बाईंना खरंच वाटेना. वर्षात वेल दोनदा छाटायची आणि ती मरत नाही, हे त्यांनी मला तीनदा विचारून घेतलं.

चौथा दिवस मी काही ठरवला नव्हता. आईने पुन्हा त्याच अंगणात जाऊया म्हटलं, तिथेच गेलो.

दिंडोरीकर

ताई, वाचून डोळे भरून आले. दहा-बारा डोळे आणि मागे दोनाची राखीव काडी, हे उद्याच शेजाऱ्याला दाखवतो, त्याची शिराझ दरवर्षी ओलांड्यावर (तारेवर पसरलेल्या जाड फांदीवर) गर्दी करते. गंधक तर आपलंही तेच.

बाबांना सांगा, रामशेज आमच्या बांधावरून दिसतो. चढ सोपा आहे, सकाळी लवकर निघालं तर काठीनेही जमेल. फेब्रुवारीत या, तेव्हा घडात साखर भरलेली असते. आईंना बाग मी दाखवतो.

शलाका

दिंडोरीकर, बाबांना आत्ताच फोनवर वाचून दाखवलं. विचारताहेत, पायथ्याच्या आशेवाडीच्या बाजूने पायऱ्या आहेत ना?

दिंडोरीकर

आहेत. आणि वर पाण्याची टाकी आहेत. मी सोबत येतो.